चोवीस मांडली, एकोणतीस मोजली

एल्डन फोंतेनोने रविवारच्या जेवणात एक वाक्य बोलून नऊ वर्षांची सासुरवाडी पणाला लावली. वाक्य तसं साधंच होतं. पाण्यावर लाकडी बदकं मांडायला असं काय मोठं लागतं, आपण दुकानात रोज चारशे जोड बूट मांडतो, असं तो म्हणाला. तोंडात सासूबाईंच्या हातचं बुदँ होतं, म्हणजे भात आणि डुकराचं मांस ठासून भरलेलं ते सॉसेज, त्यामुळे शब्द जरा लडबडलेले बाहेर पडले. पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या सासऱ्यांना ते स्वच्छ ऐकू गेले. एरवी पन्नास वर्षं बंदुकीला कान लावल्यामुळे अल्से लाँद्रींना डाव्या बाजूचं काही ऐकू येत नसे, आणि एल्डन डाव्याच बाजूला बसला होता!

बायकोने, मोनिकने, टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. पण उशीर झाला होता. म्हाताऱ्याने काटा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि जावयाकडे पाहिलं.

"बरं. शनिवारी तू मांड," ते म्हणाले, आणि पुन्हा जेवायला लागले.

सासूबाई मिस व्हर्जी (तिकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिसच म्हणतात) यांचा पळीवाला हात हवेतच राहिला. व्हर्मिलियनच्या दलदलीत, म्हणजे सासऱ्यांच्या मुलखात, माणूस तुम्हाला आपली होडी देईल, ट्रक देईल, वेळ पडली तर मुलगीही देईल. पण आपली लाकडी बदकं दुसऱ्याच्या हातात देणार नाही. अल्सेंची चोवीस बदकं त्यांच्या वडिलांनी सायप्रसच्या लाकडातून कोरलेली होती. रानबदकांचा थवा वरून जातो, खाली आपले भाऊबंद निवांत तरंगताना दिसतात, म्हणून उतरतो, आणि लपणात बसलेला माणूस बार काढतो. सगळा खेळ मांडणीचा. ती मांडणी अल्सेंनी आजवर फक्त आपल्या मेव्हण्याला करू दिली होती, आणि मेव्हण्याचं खुब्याचं हाड महिन्यापूर्वीच बदललं होतं. लपणातली दुसरी जागा रिकामी होती.

एल्डनला ती जागा नको होती. खरं सांगायचं तर त्याला बंदुकीच्या आवाजाची भीती वाटे, गढूळ पाण्याची वाटे, मगरींची तर चित्रातसुद्धा वाटे. त्याला हवी होती दुसरीच गोष्ट. सासऱ्यांनी त्याला एकदा नावाने हाक मारायला हवी होती.

नऊ वर्षांत ते झालं नव्हतं. तो बॅटन रूज शहरातला, म्हणून पहिल्या दिवसापासून म्हाताऱ्याने त्याचं नावच बॅटन रूज ठेवलं. "ए बॅटन रूज, मीठ सरकव." "बॅटन रूजला विचारा, कॉफी घेणार का." मुलाच्या बाप्तिस्म्याला पाद्रीबाबांशी ओळख करून देतानासुद्धा, "हा पोराचा बाप, बॅटन रूज." त्या घरात कुत्र्याला नाव होतं, ट्रकला नाव होतं, मिस व्हर्जींच्या पाच पाळीव बदकांना पाच नावं होती. बिननावाचा एकटा जावई. हे त्याला लागायचं, आणि ते कुणाला सांगायची लाज वाटायची म्हणून जास्तच लागायचं. शनिवारी बदकं अशी मांडायची, की म्हाताऱ्याच्या तोंडून आपोआप 'एल्डन' निघालं पाहिजे, असं त्याने ठरवलं.

तयारी त्याने जोरात केली. शिकारीचं नवंकोरं जाकीट घेतलं. त्याचे खिसे मोठे होते आणि प्रत्येक खिशाला तळाशी पितळी कडीची दोन भोकं होती. आत शिरलेलं पाणी निथळून जावं म्हणून असतात ती. दुकानदाराने तसं सांगितलं, एल्डनने जाणकारासारखी मान डोलावली आणि विसरून गेला.

शुक्रवारी संध्याकाळी तो, मोनिक आणि पोर सासुरवाडीला पोचले. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे त्याला बदकांना खायला घालायला पाठवलं. ही पाच बदकं दिसायला हुबेहूब रानबदकांसारखी, नर हिरव्या डोक्याचे, माद्या तपकिरी. त्यांतली बेर्था नावाची मादी एल्डनवर खास खूश होती, म्हणजे त्याच्या बुटाच्या नाड्या ओढायची. शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधीपासून ती पाचही जणं शेडमध्ये कोंडलेली होती. कारण लपणाजवळ जिवंत पाळीव बदकं दिसली की रानबदकं डोळे मिटून उतरतात, आणि कायद्याने ती लबाडी ठरते. पाण्यात दाणे टाकणं हीसुद्धा तशीच लबाडी. दोन्हींसाठी शिकारीवर नजर ठेवणारी सरकारी वॉर्डन दंडाची पावती फाडते. आणि त्या भागाची वॉर्डन होती कॅमिल डुगा. तिने एक बदक जास्त मारलं म्हणून स्वतःच्या धर्मपित्याची पावती फाडली होती, तीही त्याच्या वाढदिवशी. मोठमोठे बाप्ये तिचं नाव काढताना आवाज खाली आणत.

तर एल्डनने भरडलेला मका नव्या जाकिटाच्या दोन्ही खिशांत गच्च भरला, बदकांना चार मुठी घातला, आणि हात मोकळे ठेवून शिकारी वेषातला स्वतःचा फोटो काढला. दुकानातल्या मंडळींना पाठवायचा होता. फोटो नीट यायला सहा वेळा काढावा लागला. त्या भरात त्याने शेडचं दार टाचेने ढकललं आणि घरात गेला. दार लागलं. कडी लागली नाही.

पहाटे अल्सेंनी त्याला उठवलं तेव्हा बाहेर धुकं होतं. लपण घरापासून अर्ध्या मैलावर, बांधावरून चालत जायचं. पुढे म्हातारा, मागे पाठीवर चोवीस बदकांचं पोतं घेऊन एल्डन. मगरी असतात का हो, असं त्याने शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं. थंडीत मगरी खात नाहीत, सासरे म्हणाले. निघताना मोनिकनेही हेच सांगितलं होतं, फक्त तिने पुढे 'बहुतेक' असा शब्द जोडला होता. एल्डन अर्धा मैल त्या शब्दाचा विचार करत चालला. खिशांतून मका टिपटिप गळत होता, ते त्याच्या गावीही नव्हतं.

लपण म्हणजे बांधाला लागून पाण्यात रोवलेले चार खांब, वर फळ्या, आणि चहूबाजूंनी बांधलेलं वाळकं गवत. अल्से आत जाऊन बसले, थर्मास उघडला, बंदूक मांडीवर घेतली आणि एल्डनला पाण्याची दिशा दाखवली. छातीपर्यंत येणारी रबरी तुमान जाकिटाच्या आतून चढवून तो उतरला. पाणी कमरेइतकं, खाली चिखल. पाऊल टाकलं की चिखल ते धरून ठेवायचा आणि मग नाइलाजाने सोडायचा. धुकं इतकं, की स्वतःचा पसरलेला हात मनगटाशी संपलेला दिसत होता.

प्रत्येक बदकाच्या पोटाला दोरी आणि दोरीला शिशाचं वजन. दोरी सोडायची, वजन तळाला बसतं, बदक वर तरंगतं. एल्डनने दुकानाची पद्धत वापरली. जोडीजोडीने, सरळ रांगेत, सगळ्यांची तोंडं गिऱ्हाइकाकडे, म्हणजे लपणाकडे. दहावं बदक सोडताना त्याला मागे आवाज आला.

चुळुक.

तो थांबला. आवाज थांबला. त्याने दोन पावलं टाकली. मागे पुन्हा चुळुक, चुळुक. मासा असेल, त्याने स्वतःला समजावलं. पण मासा आपण थांबलो की थांबत नाही. पुन्हा दोन पावलं टाकली, आणि आता गवतातूनही सळसळ आली, एका बाजूने नाही, दोन्ही बाजूंनी. ओरडावं, तर सासऱ्यांसमोर नऊ वर्षांची अब्रू जाते. न ओरडावं, तर पाय जातो. त्याने अब्रूची निवड केली, पण दात असे वाजत होते की मगरीला पत्ता लागायला तेवढं पुरे होतं.

उरलेली चौदा बदकं त्याने आयुष्यात कधी काही केलं नव्हतं इतक्या वेगाने मांडली आणि लपणात येऊन कोसळला. तेवढ्यात धुकं थोडं विरळ झालं. अल्सेंनी गवताच्या फटीतून पाहिलं.

"हे काय आहे?"

"बदकं, मिस्टर अल्से."

"मला वाटलं चर्चमधली बाकं." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "बदक वाऱ्याकडे तोंड करून बसतं. वारा डावीकडून येतोय. आणि इतकी खेटून बसली म्हणजे घाबरलेली. घाबरलेल्यांत कोण येऊन उतरेल? गळासारखी वाकडी ओळ कर. मध्ये पाणी मोकळं सोड, उतरणाऱ्याला अंगण लागतं. जा."

पुन्हा पाण्यात! एल्डनने एकवार सासऱ्यांकडे पाहिलं, एकवार धुक्याकडे. सांगावं का, की आत काहीतरी आहे? म्हाताऱ्याने तोवर पाठ टेकून डोळे मिटले होते. तो उतरला.

या वेळी ते अधिक जवळ होतं. एक बदक उचलून वाऱ्याकडे वळवलं, की मागून चुळुक. दुसरं जरा लांब सारलं, की डावीकडून चुळुक. एकदा तर काहीतरी मऊ त्याच्या ढुंगणाला लागून गेलं. एल्डनला लहानपणी पाठ केलेल्या सगळ्या प्रार्थना एकदम आठवल्या आणि त्याने त्या एकत्रच म्हटल्या. मनात त्याने मोनिकला पत्रही लिहिलं. दुकान विकू नकोस, पोराला पोहायला शिकव, आणि तुझ्या वडिलांना सांग माझं नाव काय होतं.

पण भीतीने एक काम बरं केलं. हात थरथरत असल्यामुळे बदकं या वेळी दुकानातल्यासारखी रांगेत बसली नाहीत. कुठे दोन जवळ, कुठे एक लांब, मध्ये मोकळं पाणी. तो कसाबसा लपणात परत चढला, दोन्ही पाय मोजले आणि थर्मासकडे हात नेला.

उजाडलं. धुकं वर सरकलं आणि पाणी चकाकू लागलं. अल्सेंनी चष्मा पुसला आणि फटीला डोळा लावला. चष्मा लगेच पुन्हा वाफेने भरला, तरी ते पाहतच राहिले.

"डावीकडची पाच," ते शेवटी हळूच म्हणाले, "फार छान बसवलीस. हलतायत बघ कशी. माझ्या बापालाही असं जमलं नसतं."

एल्डनच्या अंगात ऊब आली. नऊ वर्षांत पहिली शाबासकी! तीसुद्धा थोरल्या लाँद्रींपेक्षा वरची! दोन श्वास तो सुखात होता. तिसऱ्या श्वासाला त्याने फटीतून पाहिलं आणि बदकं मोजली. एकोणतीस. त्याने पुन्हा मोजली. पोत्यातून चोवीस काढली होती, पाण्यावर एकोणतीस होती. डावीकडच्या पाचांतलं एक बदक त्या क्षणी डोकं पाण्यात खुपसून, शेपूट वर करून, तळाचं काहीतरी खाऊ लागलं. लाकूड असं करत नाही.

बेर्था. आणि तिच्यामागे उरलेली चार.

एल्डनचा हात आपोआप खिशात गेला. खिसा रिकामा होता. दुसराही रिकामा. बोटं तळाच्या भोकांतून बाहेर आली आणि त्याला सगळं एकदम दिसलं. शेडचं दार, टाच, बांधावरून सांडत आलेला अर्ध्या मैलाचा मका, आणि इथे लपणासमोर दोनदा फिरून नीट पेरलेला मका. जिवंत बदकंही झाली, दाणेही झाले. कायद्याच्या पुस्तकातली दोन्ही पानं त्याने एका सकाळीत भरली होती. मगरीची भीती गेली, पण तिच्या जागी जी आली तिच्यापुढे मगर बरी होती.

आता सांगावं? सांगितलं की ती डावीकडची शाबासकी परत जाणार. 'बॅटन रूज' हे नाव त्याच्या थडग्यावर कोरलं जाणार. न सांगावं, तर म्हातारा बार काढणार, आणि छर्रे काही पाळीव-रानटी बघून लागत नाहीत. बेर्था मेली तर मिस व्हर्जी... त्या विचाराचा शेवट करायचंही धाडस त्याला झालं नाही.

"शू," अल्से म्हणाले.

वर शिट्टीसारखा पंखांचा आवाज आला. चाळीसेक रानबदकं. एक घिरटी घातली, दुसरी घातली. खाली त्यांची पाच खरीखुरी भावंडं बिनधास्त न्याहारी करत होती, आणखी काय हवं? थव्याने पंख ताठ केले, पाय पुढे काढले आणि सगळाच्या सगळा थवा वाऱ्याला तोंड करून मोकळ्या पाण्याकडे उतरू लागला. अल्सेंचा हात बंदुकीवर गेला. त्यांचा चेहरा पोरासारखा झाला होता. त्यांनी मान न वळवता, डोळे थव्यावरच ठेवून, जावयाच्या गुडघ्यावर थाप मारली.

"ए..." ते कुजबुजले, आणि पुढचा शब्द काढताना जरा थबकले.

एल्डनला आजही खात्री आहे, की पुढे बॅटन रूज येणार नव्हतं. नऊ वर्षं ज्यासाठी वाट पाहिली ते नाव म्हाताऱ्याच्या ओठांशी आलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. पण बंदुकीची नळी फटीतून बाहेर सरकली, आणि तिच्या टोकासमोर बेर्था मान वर करून थेट त्याच्याकडे पाहत होती. घाबरट माणूस काय करेल सांगता येत नाही. एल्डन ताडकन उभा राहिला, लपणाचं गवत डोक्याने फोडून वर आला आणि सगळ्या दलदलीला ऐकू जाईल असा ओरडला, "बेर्था, पळ!"

चाळीस बदकं उलटी फिरली आणि क्षणात ठिपके झाली. बेर्था मात्र नाव ऐकून आनंदाने लपणाकडे पोहत आली.

अल्सेंनी बंदूक खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला, घातला, आणि आपल्या बायकोच्या बदकाकडे पाहिलं. मग जावयाकडे.

त्याच वेळी पन्नास हातांवरच्या गवतातून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. एक हिरवी होडी सावकाश बाहेर आली. तिच्यात वॉर्डन कॅमिल डुगा उभी होती आणि तिच्या हातात चहाची गाळणी होती. गाळणीत पिवळे दाणे होते.

"गुड मॉर्निंग, मिस्टर अल्से," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "बांधावर मका दिसला, म्हणून इंजिन बंद ठेवून मागोमाग आले. अर्धा तास बसलेय. पाच बदकंही माझ्याआधी पोचली होती."

अल्से पन्नास वर्षांत एकदाही पकडले गेले नव्हते. त्यांनी शांतपणे परवाना काढून दिला. कॅमिलने तो पाहिला, बंदूक पाहिली आणि सांगितलं, की बार सुटला नाही म्हणून त्यांना फक्त तंबी. पण लपणासमोर दाणे पडलेत, तेव्हा सगळे वेचून काढायचे आणि त्यानंतर दहा दिवस इथे शिकार बंद. म्हाताऱ्याने मान खाली घातली. हंगामातले सगळ्यात चांगले दहा दिवस ते होते. एल्डनला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं, पण खाली चिखलच होता.

कॅमिलने पावतीपुस्तक काढलं.

"आणि ही मांडणी कुणाची? दाणे, बदकं, सगळं. नाव सांगा."

एल्डनने तोंड उघडलं. आवाजच फुटेना. कॅमिल पेन धरून थांबली. आणि मग शेजारून, स्वच्छ आणि ठणठणीत आवाजात, उत्तर आलं.

"एल्डन जोसेफ फोंतेनो," अल्से म्हणाले. "राहणार बॅटन रूज, मॅग्नोलिया गल्ली, घर नंबर बारा. जन्म अठरा सप्टेंबर. बापाचं नाव हेन्री, आईचं माहेर ऑपेलूसास. माझा जावई."

कॅमिल लिहीत गेली. एल्डन सासऱ्यांकडे पाहत राहिला. एल्डन. जोसेफसुद्धा! जोसेफ तर लग्नानंतर मोनिकलाही सहा महिन्यांनी कळलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि नव्या जाकिटावरून ओघळू लागलं.

कॅमिलने पावती फाडता फाडता त्याला धीर दिला. पहिलाच गुन्हा आहे, ती म्हणाली, कोर्टात सांगा की चूक झाली, इतकं रडण्यासारखं काही नाही. होडी निघून गेली तरी एल्डनचं रडणं थांबलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर पुढे अल्से, मागे पोतं घेतलेला एल्डन, आणि त्याच्यामागे एका ओळीत पाच बदकं, सांडलेला मका टिपत. निम्म्या वाटेत त्याने धीर एकवटला.

"मिस्टर अल्से, तुम्हाला माझं नाव माहीत होतं."

"माहीत नसायला काय झालं?" म्हातारा मागे न पाहता म्हणाला. "लग्नाच्या दिवशीच पाठ करून ठेवलं. कधी ना कधी वॉर्डनला सांगायची वेळ येणार, हे तुझ्याकडे बघूनच कळत होतं."

यात अपमान किती आणि माया किती याचा हिशेब एल्डन करत होता, इतक्यात बांध संपला. समोर शेड. शेडचं दार सताड उघडं. दारात मिस व्हर्जी उभ्या होत्या, कमरेवर दोन्ही हात, आणि त्यांतल्या एका हातात रविवारचीच ती पळी. त्यांनी बदकं मोजली, बेर्थाची चिखलात माखलेली पिसं पाहिली आणि मग दोघा पुरुषांकडे पाहिलं.

"दार कुणी उघडं टाकलं?"

अल्सेंनी घसा साफ केला, ताठ उभे राहिले आणि नाव सांगायला तोंड उघडलं. एल्डनने डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली, की देवा, या वेळी तरी नुसतं बॅटन रूज म्हणू देत.